खाडीच्या वाटेने

कोणी "नाही" म्हटलं की मावशी खाली बसायची. जिथे उभी असेल तिथेच, मांडी घालून. कोणाचा ओटा असो, ऑफिसची फरशी असो, नाहीतर रस्त्याकडेची माती. पदराने कपाळ पुसायची आणि शांतपणे म्हणायची, "बसते मी. तुमचं चालू द्या."

नवख्या माणसाला वाटायचं, दमली असेल बिचारी. ज्यांनी तिला पूर्वी बसलेलं पाहिलं होतं, ते मात्र लगेच मनधरणीला लागायचे.

ती खोपोलीच्या दवाखान्यात आया होती. शिळफाट्याजवळच्या आमच्या वस्तीत एका खोलीत एकटी राहायची. वस्तीतल्या बहुतेकांचे वडील कारखान्यात, आणि सगळी घरं छप्पन्न साली बौद्ध झालेली. मावशी नात्याने कोणाचीच नव्हती, त्यामुळे सगळ्यांचीच होती.

जन्माचा दाखला नाही म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत घेईनात, तेव्हा मावशी हेडमास्तरांच्या दारात बसली. मधली सुट्टी झाली, शाळा सुटली, शिपाई कुलूप घेऊन आला.

"बाई, उठा आता."

"तुमी लावा कुलूप. मी ऱ्हाते आत."

दुसऱ्या दिवशी बहीण पहिलीच्या वर्गात बसली होती.

एकदा लस टोचणाऱ्यांबरोबर दवाखान्याने मावशीला समुद्राकडच्या गावांत पाठवलं. परत आली ती वेगळीच होऊन. "आपला जिल्हा समुद्राचा," ती आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "आन् आपली पोरं होड्या सोडतात कारखान्याच्या नाल्यात! दिवाळीच्या सुट्टीत मी नेनार सगळ्यांना. तिथंच ऱ्हायाचं, तिथंच रांधायाचं."

माझे वडील म्हणाले, "एकटी बाई तू. एवढी पोरं घेऊन कुठं जातेस? नाय जमायचं."

ती दारातच बसली. वडिलांची पाळी सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि त्यांचा डबा आत होता. "ने बाई, ने," ते म्हणाले. "पन आदी वाटेतनं ऊठ."

शिळफाट्यावरच्या एका ट्रकवाल्याकडून तिने ताडपत्री मागून आणली. तीन एसट्या बदलून, वर बरंच चालून आम्ही पोचलो. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सुरूची झाडं, पुढे पांढरी वाळू, आणि एका बाजूला खाडीचं तोंड. आजूबाजूला माणूस नाही. आम्ही चपला टाकून धावत सुटलो. पाणी खरंच खारट आहे का, ते प्रत्येकाने चाखून पाहिलं.

पिण्याचं पाणी मात्र गावातल्या विहिरीवर होतं. संध्याकाळी आम्ही कळशा घेऊन गेलो. विहिरीजवळ बसलेल्या एका माणसाने विचारलं, "कुठल्या तुमी?"

"खोपोलीच्या."

"तसं नाय. कुठल्या?"

असा प्रश्न तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल, काहींनी विचारलाही असेल. मावशीने सरळ सांगितलं.

"मग या विहिरीवर नाय," तो म्हणाला.

मावशी कठड्याला टेकून बसली. "बसते मी. तुमचं चालू द्या." तिच्यामागे आम्हीही बसलो. मला कडकडून तहान लागली होती. गावातल्या बाया हंडे घेऊन आल्या आणि लांबच थांबल्या. हळूहळू बायांची गर्दी झाली, अंधारून यायला लागलं, घराघरांत चुली खोळंबल्या. पुरुष आपापसांत तावातावाने बोलत होते. एकाने काठी आपटली. मावशी त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

शेवटी एक बाई पुढे आली. तिने बादली भरून वर ओढली आणि आम्हाला म्हणाली, "ओंजळ धरा रं पोरांनो. वरनं वतते."

मी ओंजळ पुढे केलीसुद्धा. मावशीने माझा हात खाली घेतला.

"वरनं वतलेलं नको, ताई. दोर द्या."

त्या बाईने एकदा मागे पुरुषांकडे पाहिलं. मग बादली रिकामी केली आणि दोर मावशीच्या हातात दिला.

मावशीने उठून पाणी ओढलं. आधी आम्हाला पाजलं, मग स्वतः प्याली, मग आमच्या कळशा भरल्या. आणि विचारलं, "ताई, तुमचा हंडा भरून देऊ?"

त्या बाईने हंडा पुढे केला. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन ती सगळ्यांच्या देखत घरी गेली. बाकीच्या बाया तशाच उभ्या राहिल्या, पण आमच्या अंगावर कोणी आलं नाही. राहिलो तितके दिवस आम्ही त्याच विहिरीचं पाणी प्यायलो.

पुढे मी मोठी झाले, पोस्टात लागले, लग्न झालं. मावशी निवृत्त झाली. तिचे गुडघे गेले. एक दिवस म्हणाली, "त्या जागी ने गं मला एकदा."

मी आणि माझी मुलगी तिला घेऊन गेलो. सुरूची झाडं होती, पण त्यांच्याभोवती काटेरी तार आली होती. आत मुंबईच्या कोणा शेटचा बंगला. फाटकावर गावातलाच एक रखवालदार.

"आजी, आत जायाचं नाय. मालकांची जागा हाय."

"समुद्र पन मालकांचा?"

"समुद्र नाय. पन वाट त्यांचीच."

आता ही बसणार, असं मला वाटलं. पण ती हसली. "बसले तर उठवाया तुलाच यावं लागंल रं, असले गुडघे हायेत. ओहोटी कवा लागंल?"

त्याने भाबडेपणाने सांगून टाकलं. आम्ही वळसा घालून खाडीतून गेलो. गुडघाभर चिखल, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी मुलगी, मध्ये मावशी. मी सारखी "परत फिरू या" म्हणत होते. तिला ऐकूच येत नव्हतं, किंवा तसं ती दाखवत होती.

वाळूवर तिने तीन दगड मांडले, चूल पेटवली, भात ठेवला. बंगल्यातून पँटवाला मॅनेजर धावत आला. "इथे चूल लावायची नाही! पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा," मावशी फुंकणीशिवाय फुंकर घालत म्हणाली. "येतील तवर भात शिजंल."

तो थोडा वेळ पातेल्याकडे बघत उभा राहिला आणि निघून गेला. पोलीस आले नाहीत. वाऱ्यामुळे भात अर्धा कच्चा राहिला, त्यात वाळूही होती. तसा भात मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

त्यानंतर ती वस्तीतल्या पोरांना घेऊन दर दिवाळीत खाडीतून तिथे जायला लागली. मॅनेजर दरवेळी ओरडायचा, ती दरवेळी जायची. एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली.

त्या दिवाळीत पोरं माझ्या दारात येऊन उभी राहिली. "मावशी नाय, तर जायाचं नाय का आता?"

मी त्यांना घेऊन गेले. रखवालदाराने आमच्या मागे वाकून पाहिलं. "आजी नाय आल्या?"

"वारल्या."

बंगल्याकडे एक नजर टाकून त्याने फाटक उघडलं. "आज मालक नायत. जावा हिकडनं, पटकन."

"मालक असतील तेव्हा उघडाल?" मी विचारलं.

"तवा कसं उघडनार, बाई?" पोरं माझ्याकडे बघत होती.

"मग राहू द्या," मी म्हटलं.

पोरांनी चपला हातात घेतल्या आणि ती आरडाओरडा करत खाडीच्या चिखलात उतरली.