बाविसावा बिल्ला

रोज सकाळी दात घासून झाले की अप्पा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा टेबलावर उपडा करायचे आणि आतले ॲल्युमिनियमचे बिल्ले एकेक करून मोजत परत आत टाकायचे. एकवीस भरायचे. बिल्ले बावीस होते, आणि बाविसावा कुठे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी अप्पा मोजायचे, झाकण दाबून बसवायचे आणि पेपर उघडायचे. शेजारच्या खोलीत धाकटी लेक तो खणखणाट ऐकत वेणी घालायची. दर बिल्ल्यागणिक तिच्या कपाळावरची शीर उडायची.

हे बिल्ले अप्पांनीच केले होते, लेथवर कामाला होते तेव्हा. एका मापाचे, एका वजनाचे, कड घासून गुळगुळीत केलेले, वर एक ते बावीस आकडे नुसते रंगवलेले. डब्यात हात घालणाऱ्याला बोटांनी काहीही कळू नये म्हणून. निवृत्त झाल्यावर ते गावाबाहेरच्या रेसच्या ट्रॅकवर गाड्या रांगेला लावायचं काम करू लागले. शर्यतीच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडी एकटीच ट्रॅकवर जाते, दोन फेऱ्या मारते, आणि त्यातल्या चांगल्या वेळेवरून दुसऱ्या दिवशी शर्यतीत ती कितव्या जागेवरून सुटणार हे ठरतं. पण आधी कोण जाणार आणि मागाहून कोण, हे अप्पांचा डबा ठरवायचा. पहिल्या गाड्यांच्या वाट्याला नुसती धूळ येते. जसजशा गाड्या जातात तसतसं टायरांचं रबर रस्त्यावर बसतं, चाकं धरून चालतात, आणि शेवटचा नंबर लागलेला नशीबवान ठरतो. नियम दीड ओळीचा होता. नंबर पुकारल्यावर एका मिनिटात गाडी पांढऱ्या रेषेवर हवी, बिल्ला अप्पांच्या हातात द्यायचा आणि निघायचं. मिनिट उलटलं की पाळी गेली. मग शर्यतीत सगळ्यांच्या मागून सुटायचं.

त्या वर्षी पहिल्या सहांत येणारे मोठ्या स्पर्धेला जाणार होते. धाकटीनं गॅरेजची नोकरी सांभाळून आठ महिने आपल्या गाडीचं इंजिन उघडलं होतं, जोडलं होतं, परत उघडलं होतं. डब्यात हात घातला तर बाविसावा बिल्ला आला. अप्पांनी वहीत आकडा लिहिला आणि लेकीकडे बघितलंही नाही. ट्रॅकवर ते कुणाचे अप्पा नसत.

नववा नंबर ट्रॅकच्या मालकांच्या पुतण्याचा होता. नंबर पुकारला तेव्हा त्याच्या गाडीचं बॉनेट अजून उघडंच होतं. मिनिट झालं, अप्पांनी झेंडा खाली केला. मॅनेजर धावत आले, अप्पांना बाजूला घेऊन बरंच काही बोलले, आणि शेवटी त्यांनी स्वतःच माइकवरून जाहीर करून टाकलं की नऊ नंबरची गाडी सगळ्यांत शेवटी जाईल. म्हणजे पुतण्याला शिक्षा तर नाहीच, वर बाविसाव्यापेक्षाही चांगला रस्ता. कुंपणच शेत खायला लागल्यावर राखणदारानं काय करायचं?

एवढ्यावर थांबलं असतं तरी धाकटीनं दात-ओठ खाऊन सोडून दिलं असतं. पण रेषेवर यायच्या आधी प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढवावी लागते. तिची गाडी काट्याशी पोचली तर मॅनेजरच्या माणसानं हात आडवा घातला आणि पुतण्याची गाडी आधी वर घेतली. तिकडे बाविसावा नंबर पुकारला गेला. ती रेषेवर आली तेव्हा एक मिनिट चाळीस सेकंद झाले होते.

तिनं खिडकीतून बिल्ला पुढे धरला. अप्पांनी हात पुढे केला नाही.

मॅनेजर मागेच उभे होते. आता त्यांच्या जिभेवर मध आला होता.

"अप्पा, एकाला दिली, एकीला द्या. मिटलं की."

"मिटलं नाही," अप्पा म्हणाले. "तिची पाळी गेली."

लोकांत आपला तो बाब्या असतो. आमच्याकडे आपलं तेच कार्टं, असं आई त्या संध्याकाळी भांडी आपटत म्हणाली. धाकटी हेल्मेटसकट दारात उभी होती. काट्यावर तिला कुणी अडवलं हे तिनं सांगितलं. अप्पा म्हणाले की तेही तक्रारीत घालतो.

"त्याला एक नियम आणि मला एक?"

"नियम एकच आहे. पुतण्याविरुद्ध लिहायचंय मला. तुला सोडली असती तर कुठल्या तोंडानं लिहिणार?"

"म्हणजे माझी पाळी तुमच्या तोंडासाठी गेली."

अप्पांनी तक्रारीसाठी कोरे कागद पुढे ओढले.

शर्यतीत ती बाविसाव्या जागेवरून सुटून आठवी आली. पहिल्या सहांत यायला दोन गाड्या कमी पडल्या. पुतण्या तिसऱ्या जागेवरून सुटला आणि अकरावा आला. तेवढंच एक हसण्यासारखं.

अप्पांनी चार पानी तक्रार लिहिली. तिघांची समिती चार गुरुवार पंख्याखाली बसली. पुतण्याची वेळ कायम राहिली, काट्याचा उल्लेखही नाही, आणि नियमाला शेपूट लागलं: 'कार्यालयाच्या संमतीने पाळी पुढे ढकलता येईल.' चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण सुळाची ही अशी छापील पावती फार थोड्यांना मिळते. अप्पांनी शिट्टी आणि झेंडा मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. डबा स्वतःचा होता, तो बगलेत मारून घरी आणला. ट्रॅकवर आता नंबर कंप्यूटर काढतो. मालकांच्या घरातल्यांचे नंबर, म्हणे, मोठे येतात.

वर्षभर बापलेकीत बोलणं नव्हतं. मीठ हवं तरी आईमार्फत. धाकटीला कधी मॅनेजरचा राग यायचा, कधी समितीचा, पण तो उतरायचा मात्र अप्पांवर, कारण तेच समोर होते आणि तेच ऐकून घेत होते. बाविसावा बिल्ला तिनं गाडीच्या खणात टाकला होता. त्यांनी मागितला नाही, तिनं दिला नाही.

मग दुसऱ्या गावच्या एका लहान ट्रॅकवर तिनं नाव घातलं. तिथे नंबर आदल्या दिवशीच काढले होते. त्या सकाळी ती आठ वाजता रेषेवर पोचली, पुकारा व्हायच्या वीस मिनिटं आधी. इंजिन बंद करून, हात स्टिअरिंगवर ठेवून, त्या रिकाम्या पांढऱ्या रेषेकडे बघत बसली, आणि आपण इतक्या लवकर का आलो हे लक्षात येऊन स्वतःवरच चिडली. दुपारी ती परत यायच्या आत अप्पा गेले. खुर्चीत, पेपर मांडीवर.

तिचा राग गेलेला नाही. नियमाचं ते शेपूटही अजून छापलेलं आहे.

त्या सकाळी घरातून निघताना ती बुटांच्या नाड्या बांधत होती. अप्पांचे एकवीस मोजून झाले होते, झाकण बसलं होतं. वर्षानंतर पहिल्यांदाच त्यांनी आईला मध्ये न घेता विचारलं, नंबर कितवा आला. दुसरा, ती म्हणाली. दुसरा म्हणजे नुसती धूळ, हे दोघांनाही कळत होतं.

"मग नीघ लवकर," अप्पा पेपर उघडत म्हणाले. "चहा तिकडेच पी."