गाडी उचल घेईना
हाताला पेट्रोलचा वास लागला की मोहाडीच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवते. माझं लग्न ठरलं होतं. मुलीकडचे नवी मोटरसायकल द्यायला तयार होते आणि हुंड्याविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटणारा मी ती नाकारत होतो. नेमकी तेव्हाच आमची जुनी गाडी बिघडली. उभी असताना इंजिन नीट चालायचं, पण गिअर टाकून निघालो की गाडी गचके खायची. मामा हसले, "भाचेबुवा, गाडीच म्हणून राहिली, नवी आणा! तू काहून अडून बसला?" "हुंडा घेणार नाही म्हंजे नाही, मामा." प्लग काढला तर काळाकुट्ट. पुसून लावला, कार्बोरेटर धुतला, तरी तेच. शेवटी एअर फिल्टर उघडला, तर हवा जायच्या तोंडात लुगड्याची चिंधी गच्च कोंबलेली. "मीच लावलो," बाबा खाली पाहत म्हणाले, "धानाच्या चुरणीत भुसा आत जाते ना." चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत ते दरवर्षी असं करतात, हे खरं. पण धान तर अजून शेतात उभं होतं. नवी गाडी मी घेतली नाही. जुनीवरच बाबांना मागे बसवून बाजाराला नेतो, आणि ती चिंधी खरं कशासाठी होती, हे त्यांना विचारावं की विचारूच नये, हे मला अजून कळत नाही.