सोनचाफ्याखालचा ढाळ

“तो कोपरा सोडून कुठंही खणा,” गायकवाड सर म्हणाले. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून कोपरा त्यांनी डाव्या हाताने दाखवला. तिथे एक सोनचाफा होता. त्याची पानं पिवळी पडली होती.

अडचण अशी होती, की अंगणाचा सगळा ढाळ त्याच कोपऱ्याकडे होता. पावसाळी गटारही नेमकं त्या भिंतीपलीकडे.

मी कृत्रिम लॉन बसवण्याची कामं घेतो. लोकांना वाटतं, गालिचा अंथरावा तसं हे काम आहे. मुरमाड जमिनीवर ते थोडंफार तसं असतंही. सरांचं रो-हाऊस विश्रांतवाडीत, नदीकडच्या बाजूला. तिथली माती काळी आणि चिकण. ही माती पाणी खाली सोडत नाही, धरून ठेवते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टर्फ, म्हणजे हे प्लास्टिकचं गवत, टाकलं तर वरून हिरवळ आणि खाली डबकं. महिन्याभरात वास मारायला लागतो.

म्हणून आधी वरची माती काढायची. मग जिओटेक्स्टाईल घालायचं. हे एक जाड कापड असतं. त्यातून पाणी जातं, पण चिखल वर येत नाही. त्यावर खडी, खडीवर कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा, दोन्ही दाबून घ्यायचं, आणि शेवटी टर्फ. खडीच्या तळाशी भोकं असलेला पाईप टाकायचा आणि तो सगळ्यात खालच्या जागेतून बाहेर काढायचा. पाईप नसेल तर आपण पैसे घेऊन अंगणात हौद बांधून दिला, एवढाच त्याचा अर्थ.

मी हे सरांना समजावलं. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. शांतपणे ऐकून घेतलं.

“मग ढाळ उलटा करा.”

“उलट्या बाजूला घर आहे सर. पाणी तुमच्या हॉलमध्ये येईल.”

“येऊ दे. मी एकटाच राहतो. आणि अहो, तुम्ही प्लास्टिक अंथरून त्याला लॉन म्हणता, मग ढाळाचं एवढं सोवळं कशाला?”

काम मला त्यांच्या मुलीने दिलं होतं. ती बंगळूरला असते. जुलैत सर याच अंगणात चिखलावरून घसरले आणि मनगट मोडलं. तेव्हा तिने सांगितलं होतं, एक तर अंगण नीट होईल, नाहीतर घर बंद करून तुम्ही माझ्याकडे याल. मी तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“बाबा, काका सांगतायत तसं करू द्या ना.”

“काकांना माहीत नाही तिथे काय आहे.”

“मग सांगा त्यांना. नाहीतर मी तिकीट काढते. एकेरी.”

तिने फोन ठेवला. सर पायरीवर बसले.

“हिच्या आईच्या अस्थी आहेत तिथे,” ते म्हणाले. “मडक्यात ठेवून पुरल्या आणि वर चाफा लावला. नदीत सोडा म्हणत होते सगळे. तुम्ही नदी बघितलीय का आपली? तिला तिथे सोडणार होतो का मी?”

रोज सकाळी ते चिखल तुडवत त्या झाडापाशी जात. घसरले तेही तिकडे जातानाच.

माझ्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. समजूत घालणारी माणसं कशी नकोशी होतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी फक्त झाडाबद्दल बोललो. म्हटलं, “पानं पिवळी पडलीत ती खताअभावी नाही. मुळं पाण्यात आहेत. चाफ्याला ते चालत नाही.”

“पाऊस थांबला की निचरा होत असेल ना?”

“नाही होत सर. अंगणातलं सगळं पाणी तिथे येतं आणि तिथेच राहतं.”

“म्हणजे ती पाण्यात आहे,” ते म्हणाले. मग उठले. “खणा. पण मशीन नको. आणि मडकं मी काढणार.”

त्यांनी झाडापाशी मेणबत्ती लावली, हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. माझी माणसं हात जोडून बाजूला उभी राहिली. मग सर डाव्या हातात खुरपं घेऊन बसले. मी समोर बसलो. झाडासाठी फार खणावं लागलं नाही. जरा हलवल्यावर ते सरळ हातात आलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती. त्याच्या खाली मडकं होतं, अगदी शाबूत. चिकण मातीत वस्तू टिकतात. तोंडावरचं कापडही टिकलं होतं. मडकं पाण्याने काठोकाठ भरलेलं होतं.

मी हात पुढे केला, तर ते म्हणाले, “राहू द्या.” छातीशी धरून ते मडकं घरात घेऊन गेले. पाणी सदऱ्यावर सांडत होतं.

पुढचं काम सरळ झालं. पाईप त्या कोपऱ्यातून गटारापर्यंत काढला. भिंतीलगत, टर्फच्या वर राहील असा एक ओटा त्यांनी माझ्याकडून बांधून घेतला. मडकं त्यात ठेवलं. त्यावर दुसरा चाफा लावू का, असं मी विचारलं.

“झाड नको,” सर म्हणाले. “झाडाला पाणी घालावं लागतं.”

परतीच्या पावसात मुलगी चार दिवस येऊन राहिली. रात्रभर कोसळला, तरी सकाळी अंगणात पाणी नव्हतं. सर चपला न घालता ओट्यापर्यंत जाऊन आले. ती बंगळूरला एकटीच परत गेली.

आता कुणाच्या अंगणात आठवणीचं झाड लावायचं आहे असं कानावर आलं, तर मी न विचारता सगळ्यात उंच जागा दाखवतो. लोकांना कोपराच हवा असतो. ढाळ कुठे आहे, हे त्या दिवशी कुणी बघत नाही.