धुळाबाच्या घोडीचे जंत

रिटायर झालेल्या कारकुनाच्या घरी दोन गोष्टी साठतात. औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही. आमच्या घरात तर मी ‘धुळाबाची घोडी’ एवढं म्हणायचा अवकाश, बायकोला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं! म्हणून तुम्हाला सांगतो.

नव्वदच्या दशकात मी आटपाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात क्लार्क होतो. डॉक्टर मगदूम सांगलीकडचे, जैन, अबोल. मलमपट्टी करणारा नामदेव. त्याच्या पदाचं सरकारी नाव ‘व्रणोपचारक’. हे नाव त्याला स्वतःला रिटायर होईपर्यंत म्हणता आलं नाही.

\*

एका सकाळी धुळाबा धनगर काळी घोडी घेऊन आला. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

“गाभण हाय साहेब,” धुळाबा खुशीत म्हणाला. “कवा इल तेवढं सांगा.”

साहेबांनी तपासलं. लीद मायक्रोस्कोपखाली बघून आले.

“धुळाबा, पोटात आहेत. पण एक नाही, हजारो आहेत. जंत!”

धुळाबानं घोडीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. दिवाळी झाली की त्याची मेंढरं पाटणवरनं घाट उतरून कोकणात जायची, ती पावसाच्या तोंडाला परत. संसार दुसऱ्या तट्टावर असायचा आणि काळीवर त्याची बायको, बायजाबाई. म्हातारीचे गुडघे गेलेले.

“घोडी न्हाई तर म्हातारी न्हाई, साहेब. आट म्हैनं ती हितं, मी तितं. चाळीस वर्सांत आसं झालं न्हाई.”

\*

आता औषध पाहिजे. दवाखान्यात मेंढरांचं औषध खोक्यांनी, घोड्याचं एक थेंब नाही! कारण पशुगणना व्हायची हिवाळ्यात. तेव्हा सगळी तट्टं कोकणात. त्यामुळं सरकारी कागदावर आमच्या तालुक्यात घोडं हा प्राणीच नव्हता.

मी वर पत्र लिहिलं, की घोडी समक्ष दारात उभी आहे. बारा दिवसांनी उत्तर आलं: ‘सदर घोडी कायमस्वरूपी आहे की तात्पुरती, याचा खुलासा व्हावा.’

नामदेव म्हणाला, “लिवा भाऊसाहेब, हंगामी हाय. आमच्यासारखीच!”

शेवटी साहेबांनी मिरजेला जाऊन औषध स्वतः आणलं.

\*

डोस वजनावर असतो. घोडीचं वजन कसं करायचं? साहेब म्हणाले, “ट्रकच्या काट्यावर न्या.”

काटेवाला पेन्शनीला टेकलेला, शिस्तीचा माणूस. मान वर न करता विचारलं, “गाडी रिकामी का भरलेली?”

“भरलेली,” नामदेव म्हणाला.

“माल काय?”

“जंत.”

त्यानं तसं लिहून शिक्का मारून दिलं. चिठ्ठी मी फायलीला लावली. वर्षअखेर ऑडिटवाले आले, चिठ्ठी वाचली आणि हिरव्या शाईनं बरोबरची खूण केली!

\*

डोस देण्याआधी साहेबांनी हात जोडले, डोळे मिटले. मग बांबूचं नळकांडं घोडीच्या तोंडात. अर्धं औषध घोडीला, अर्धं नामदेवाला. पुन्हा भरून पुन्हा दिलं.

काही आठवड्यांनी दुसरा डोस होता. त्या दिवशी साहेब घाईत होते. नळकांडं उचललं तोच धुळाबानं हात धरला.

“साहेब, मंतर ऱ्हायला!”

“मंतर नाही रे. आम्ही जीव मारत नाही. औषधानं मरतात, म्हणून माफी मागतो.”

“कुनाची?”

“जंतांची.”

धुळाबानंही घोडीच्या पोटाकडं बघून हात जोडले. मग म्हणाला, “माज्या वाटनीची बी मागा.”

\*

दुसऱ्या दिवशी धुळाबा पाटी घेऊन माझ्या टेबलाशी उभा. पाटीत काय होतं ते जेवणाआधी कोणी वाचत असेल म्हणून सांगत नाही.

“एवढं जमा केलं भाऊसाहेब,” तो म्हणाला. “पावती द्या.”

\*

पण दिवाळी आली तरी घोडीच्या अंगात ताकद आली नाही. साहेबांनी हिरड्या बघितल्या. पांढऱ्याफटक.

“महिनाभर विश्रांती. ओझं नाही.”

मेंढरांना महिना कुठला? माळावर काडी उरली नव्हती. धुळाबा निघाला. दवाखान्याच्या दारातच नवरा-बायकोचं बोलणं झालं.

“बरी झाली की सांगावा धाड.”

“कुठं धाडू? तुमी आज ह्या गावात, उद्या त्या गावात.”

“व्हय की,” धुळाबा म्हणाला. पटका सोडला, परत बांधला, आणि गेला.

मग म्हातारी रोज घोडीला धरून, थांबत थांबत यायची. दारातल्या लिंबाखाली बसायची. साहेब बाहेर आले की एकच शब्द: “आज?”

“आज नाही, आजी.”

एकदा मी विचारलं, करमत नाही का. म्हणाली, “झोप लागत न्हाई बाबा. मेंढरं न्हाईत त्येच्यामुळं लय गप गप वाटतंय.”

\*

आता तिथं नवी इमारत आहे. फरशी बघून जनावरंच बिचकतात म्हणे. बरेच धनगर टेंपोनं जातात. घोडी येत नाही कुणाची. मला मात्र अजून सकाळी चहा घेताना लिदीचा वास आठवतो, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही.

\*

शेवटचं सांगतो.

महिन्यानं एका सकाळी साहेबांनी घोडीचा ओठ उचलला. हिरड्या गुलाबी! पाठीवर थाप मारली तर घोडीनं नामदेवाला लाथ घातली. एवढा आनंद नामदेवाला बढतीचाही झाला नसता.

“आज?” म्हातारीनं विचारलं.

“आज,” साहेब म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. “पण आजी, जाणार कुठं? धुळाबा आता घाट उतरला असेल. कुठल्या गावात आहे, ठाऊक आहे का?”

“मला कुटनं ठावं आसनार?”

“मग?”

“हिला ठावं हाय.”

नामदेव म्हणाला, “आवं आजी, एवढ्या लांब एकटी?”

“एकटी कशानं रं?”

गाठोडं तिनं आणलेलंच होतं. ते रोजच आणत असणार, आम्हीच कधी बघितलं नव्हतं. आमच्या ऑफिसच्या पायरीवरनं ती घोडीवर बसली. आम्ही व्हरांड्यात येऊन उभे राहिलो.

थोडं पुढं फाटा आहे. एक रस्ता सांगलीला, एक मावळतीला. फाट्यावर म्हातारीनं लगाम घोडीच्या मानेवर टाकला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

घोडी थांबली. कान हलवले.

आणि मावळतीला वळली.