जित्या आजीचं नाव

साळूबाईंना हट्ट नडला, दुसरं काही नाही. निफाडकडच्या त्यांच्या माहेरी आजीचं नाव नातीला द्यायची रीत होती. त्यांची आजी साळूबाई, त्या आजीची आजीही साळूबाईच. फक्त आजीनं आधी डोळे मिटायचे, मग तिचं नाव पाळण्यात जायचं.

महेशला मुलगी झाली तेव्हा साळूबाई चांगल्या ठणठणीत होत्या. नवरा, खंडेराव, गेल्यावर फुलशेती वाट्यानं देऊन त्या मुलाकडे इंदिरानगरला राहायला आल्या होत्या. "मेल्यावर नाव ठिऊन मला काय आयकू येनार हाय?" त्या म्हणाल्या. "मी हाय तवरच ठिवा."

सून उज्वला बँकेत नोकरीला. ती नाक मुरडणार, असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "चालेल की, आई." इतक्या पटकन होकार आला, तेव्हाच साळूबाईंनी सावध व्हायला हवं होतं. पण त्या पेढे वाटण्यात गुंग. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि बारसं झालं.

मग पोरगी चालायला लागली आणि उज्वलाचं तोंड सुटलं. "साळू, भिंतीवर रेघोट्या कोणी मारल्या?" "साळू, किती लोळशील?" "साळू, खोटं बोलायचं नाही." सकाळ-संध्याकाळ साळूचा उद्धार. साळूबाई देवापुढे बसल्या असल्या तरी दचकायच्या. त्यांनी स्वतःच्या सासूचं, भागुबाईंचं, नाव उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. शेताच्या भागालासुद्धा त्या वाटाच म्हणायच्या. आणि इथे सून सासूच्या नावानं रोज ओरडत होती, तेही सासूसमोर.

"तिला म्हनावं, पोरीला पिंकी म्हन," त्यांनी महेशला सांगितलं.

"आई, नाव तूच मागून घेतलंस," असं म्हणून त्यानं हेल्मेट घातलं आणि तो कामाला गेला. असला मुलगा काय चाटायचा आहे?

शेवटी त्यांनी सुनेलाच विचारलं, "मुद्दाम करती का गं?"

"मी मुलीला रागावते, आई. त्यात तुम्हाला कशाला लागतं?" साळूबाई चरफडत बसल्या.

गेल्या महिन्यात त्यांना ताप आला. डॉक्टरांच्या गोळ्या कडू म्हणून त्या उशीखाली सरकवत राहिल्या. चौथ्या दिवशी चादर बदलताना उज्वलाला तिथे आठ गोळ्या सापडल्या. सासूसाठी ती तीन दिवस रजा काढून घरी बसली होती. तिचा पारा चढला.

"साळू, गुपचूप आ कर."

महेश कामावर होता, पोर शाळेत. घरात साळू एकच होती. उज्वला चपापली आणि हातातली गोळी तशीच धरून उभी राहिली.

साळूबाई उठून बसल्या. आई गेल्याला चाळीस वर्षं झाली, तेव्हापासून त्यांना कोणी नुसतं साळू म्हटलं नव्हतं. खंडेराव 'अगं' म्हणायचे. बाकीच्यांच्या त्या वहिनी, काकू, आजी. राग यायला हवा होता. त्याऐवजी डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी आ केला, गोळी गिळली, वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

"सॉरी, आई. चुकून निघालं तोंडातून," उज्वला म्हणाली.

"चुकली ती चुकली," साळूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "आता पोरगी साळंतून यायच्या आत आनखी एकदा रागाव."