तीनशे बारा घरांचे शेजारी

भूकंपाला आठ महिने झाले, तरी ते गाव अजून पत्र्याच्या शेडांतच होतं. नव्या गावठाणात तीनशे बारा कुटुंबांना जागा वाटायच्या होत्या. शेजारी कोण हवं, त्याची नावं प्रत्येकानं लिहून दिलेली. दोनदा चिठ्ठ्या टाकल्या आणि दोन्ही वेळा डोकी फुटली. मग लातूरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या अजहरला पुनर्वसनाच्या साहेबांनी बोलावलं.

"सोमवारी यादी द्या. न्हाईतर परत चिठ्ठ्या."

अजहरनं प्रोग्राम लिहिला. दोन घरांच्या जागा बदलून बघायच्या, मनासारखा शेजार वाढला तरच बदल ठेवायचा. पण दीडशे घरांचं समाधान झालं की गाडं अडायचं. मग काहीही हलवलं तरी आकडा घसरायचाच. शनिवारपर्यंत अकरा वेळा हेच झालं. शेडांतली तापलेली माणसं आठवली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

रविवारी तो उदगीरला, अब्बांच्या भट्टीपाशी जाऊन मटकन बसला. अब्बा, म्हणजे सलीम लोहार, लालबुंद सळई राखेत पुरत होते.

"पाण्यात घातली की कडक होती, मग मोडती," ते म्हणाले. "सावकाश निवू दे. आतलं सगळं आपापल्या जागी बसतंय."

हे तो लहानपणापासून ऐकत होता. या रीतीवर बेतलेल्या प्रोग्रामचं एक प्रकरण कॉलेजात वाचलंही होतं, परीक्षेपुरतं. तो तसाच उठला आणि लातूरची एसटी धरली.

आता सुरुवातीला मशीन सळईसारखं तापलेलं धरायचं, वाईट बदलही खुशाल होऊ द्यायचे, मग ती मोकळीक थोडी थोडी कमी करत न्यायची. आकडा साठावर कोसळला, तेव्हा त्याला रडू फुटलं. लाइट जाऊ नये म्हणून तो दुवा मागत राहिला. सोमवारी सकाळी आकडा दोनशे एक्क्याऐंशीवर थांबला.

यादी वाचली, तेव्हा पहिल्यांदाच भांडण झालं नाही. पण शेवटच्या ओळीतलं शेवटचं घर धुरपताबाईंना आलं होतं. त्यांच्या अर्जावर पाच नावं होती. पाचही माणसं भूकंपात गेलेली.

"मावशी, जित्या माणसांची नावं द्यायची होती," अजहर म्हणाला.

"शेजारी कोन पायजे, इचारलं. हेच पायजेत की रं मला."

अजहरनं जमलेल्या लोकांनाच विचारलं, मावशीला शेजार कोण देतं. मग बसवंत उठला. त्याची दोन्ही लेकरं ढिगाऱ्यात गेली होती.

"माझ्या बाजूला लावा मावशीला. तिथला माझा भाऊ जाईल मावशीच्या घरात, शेवटच्या ओळीत."

अजहरनं पेनानं यादी दुरुस्त केली. धुरपताबाईंच्या अर्जावरची नावं खोडून बसवंतचं लिहायला गेला, तर धुरपताबाईंनी कागद ओढून घेतला. ती पाच नावं त्यांनी काही खोडू दिली नाहीत.