दहाचा पाना माझ्या पिशवीत होता

मेहकरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. भुताचा किस्सा सुरू झाला की चहाचा कप घेऊन उठणाऱ्यांपैकी मी... त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय.

माझा थोरला भाऊ, दादा, गेल्या उन्हाळ्यात वारला. आमचं गाव मेहकरपासून अर्ध्या तासावर. त्याचा जुना ट्रॅक्टर त्याच्या हाती एका सेल्फमध्ये सुरू व्हायचा. तो गेल्यावर मात्र अर्धा-अर्धा तास नुसती घरघर. गावाचं निदान तयार होतं – ट्रॅक्टरला मालकाचं दुःख झालंय. एका महाराजांनी तर गाडीतून न उतरता, काच चार बोटं खाली करून लिंबू सुचवलं.

वहिनींनी ठरवलं होतं : हरभरा स्वतः ट्रॅक्टर चालवून पेरायचा. चालवायला दादानेच शिकवलं होतं त्यांना. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर देऊळगाव राजाच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकायचा.

मी बॅटरी तपासली, फिल्टर बदलला. शेवटी सापडलं – रात्रभरात डिझेलच्या नळीत हवा शिरत होती. दहाच्या पान्याने पंपावरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत हाताने पंप मारायचा, स्क्रू आवळायचा. की लगेच सुरू.

वहिनी बघत होत्या. म्हणाल्या, "रोज सकाळी तिथं वाकून उभे राहत. मले वाटे, पाया पडून राह्यले."

दादा कुणाला काही बोललाच नव्हता. गळणारं डिझेल टिपायला तो वहिनींच्या जुन्या साडीची चौपदरी घडी स्क्रूखाली खोचायचा. ते तुकडे इतकी वर्षं उंदरांच्या नावावर जात होते. शेवटची घडी पार कुजली होती. ती मीच काढून फेकली.

वहिनींच्याने स्क्रू हलत नव्हता, म्हणून पेरणीच्या सकाळी मी येणार होतो. आणि केलं काय, तर घरातला एकुलता दहाचा पाना पिशवीत टाकून मेहकरला घेऊन आलो. त्यात सकाळची एसटी चुकली. पोचलो तेव्हा अर्धं वावर पेरून झालं होतं.

वहिनींनी ट्रॅक्टर वावराच्या कडेला, धुऱ्याजवळ थांबवला. "एकाच सेल्फमधी लागला, भाऊजी. तुमी पहाटेच हवा काढून गेले ना? मले उठवलं काऊन नाही?"

मी वाकून पाहिलं. स्क्रूवर पकड लावल्याचा एकही ओरखडा नव्हता. खाली साडीची चौपदरी घडी खोचलेली – नवी, डिझेलने ओली.

पाना दाखवायला पिशवीत घातलेला हात मी तसाच बाहेर काढला.

"म्हटलं, झोपू द्यावं तुमाले."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "त्याईचं बी असंच होतं," म्हणाल्या, आणि गिअर टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर पुन्हा अडून बसू लागला. आता वहिनी स्वतःच हवा काढतात; लांब दांड्याचा पाना आणून दिलाय. वर्गात मी मुलांना सांगतो, एकही प्रश्न कोरा सोडू नका... हा एक मी कोराच ठेवलाय.